शार्त्रचा निळा रंग ‘हरवलेला’ नाही

पॅरिसच्या नैऋत्येला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर शार्त्र नावाचं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलबद्दलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चबद्दलचा, एक मजकूर फिरून फिरून मोबाइलवर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिथल्या खिडक्यांचा निळा रंग आज जगात कुणालाच बनवता येत नाही, नाइट्स टेम्प्लर या लढवय्या धर्मसंघाने जेरुसलेमहून आणलेली गुप्त विद्या आणि त्यांचाच पैसा यांवर ही वास्तू उभी राहिली, एरवी एवढं काम पंचवीस-तीस वर्षांत होणं शक्यच नाही, आणि बांधणारे मागे काही खूण न ठेवता नाहीसे झाले. कॅथेड्रल विलक्षण आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ही चारही विधानं खोटी आहेत, आणि ती वाचून मला राग येतो. ज्यांनी घाम गाळला त्यांचं श्रेय भलत्याच्याच पदरात पडतं.

आधी निळा रंग. तो येतो कोबाल्टमुळे, आणि कोबाल्टची निळी काच आजही सर्रास बनते. खुद्द शार्त्रमध्ये १८६३ पासून रंगीत काचेची कार्यशाळा चालू आहे. मग जुना निळा इतका वेगळा का दिसतो? याचं उत्तर बाराव्या शतकातच लिहून ठेवलेलं आहे. थिओफिलस नावाच्या साधूच्या लॅटिन ग्रंथात काच बनवण्याची कृती आहे. तो सांगतो, फ्रान्सचे कारागीर प्राचीन काळची निळी काचभांडी गोळा करतात, भट्टीत वितळवतात, त्यात थोडी पांढरी काच घालतात आणि खिडक्यांसाठी निळे तक्ते काढतात. म्हणजे हा चक्क भंगाराचा पुनर्वापर! ती जुनी काच सोडा वापरून केलेली. त्या काळची बाकीची काच लाकडाच्या राखेतून केलेली, म्हणून पावसापाण्याने ती लवकर खराब झाली आणि निळी टिकली. शिवाय तो उजळ, पाणीदार निळा रंग सगळ्या १७६ खिडक्यांत नाहीच. तो आहे पश्चिमेच्या तीन जुन्या खिडक्यांत आणि ‘बेल व्हेरिएर’ या मेरीच्या खिडकीत. तेराव्या शतकातला निळा त्याहून गडद आहे.

टेम्प्लरांचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. त्यांचा या बांधकामाशी संबंध दाखवणारा एकही कागद नाही. टोकदार कमानी आणि मोठ्या खिडक्यांची, कॅथेड्रलची गॉथिक शैलीही आकाशातून पडलेली नाही. पॅरिसजवळच्या सँ-दनी इथल्या मठाच्या चर्चचा नवा गाभारा ११४४ मध्येच झाला होता, आणि पुढची पन्नास वर्षं सांस, लाँ, पॅरिस इथे गवंडी तीच शैली घडवत होते.

पैसा कुठून आला, हे मात्र नीट सांगायला हवं. १० जून ११९४ ला आग लागून जुनं कॅथेड्रल जळालं. मेरीचं म्हणून पूजलं जाणारं वस्त्रही गेलं असं लोकांना वाटलं. तीन दिवसांनी ते तळघरातून सुखरूप बाहेर आलं. त्यानंतर बिशप आणि कॅनन, म्हणजे कॅथेड्रलचे मानकरी धर्मगुरू, यांनी तीन वर्षं आपल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बांधकामाला दिला. हे उत्पन्न बोस पठारावरच्या गव्हाच्या शेतांचं होतं. मेरीच्या चार सणांना चार जत्रा भरत, यात्रेकरू येत, राजघराणं दान देई. हे सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही: १२१० मध्ये गावकऱ्यांनी प्रमुख कॅननच्या घरावर हल्ला केला होता. कॅथेड्रलच्या भव्यतेइतकाच हा संतापही मला महत्त्वाचा वाटतो, कारण शेवटी भार त्यांच्यावरच पडत होता.

आता वेग. जुनं तळघर आणि पश्चिमेची दर्शनी भिंत आगीतून वाचली होती, त्यामुळे सुरुवात शून्यापासून नव्हती. चुनखडीचा टणक दगड आठ-दहा किलोमीटरवरच्या बेर्शेरच्या खाणीतून येत होता. बाहेरून लावलेल्या कमानदार टेकूंनी छताचा रेटा पेलला, म्हणून भिंतींत एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. मुख्य काम १२२० च्या सुमारास होत आलं, पण विधिवत अर्पण झालं २४ ऑक्टोबर १२६० ला. उत्तरेच्या मनोऱ्याचा आजचा नक्षीदार कळस तर सोळाव्या शतकातला, झाँ द बोस याने केलेला. त्याचं नाव नोंदलेलं आहे.

मूळ आराखडा करणाऱ्याचं नाव मात्र नाही. म्हणून खूणच नाही म्हणायचं? खिडक्यांच्या तळाशी नजर टाका. पाव भरलेली भलीमोठी टोपली वाहणारे भटारी आहेत, गिऱ्हाइकाला अस्तराची फर उलगडून दाखवणारा व्यापारी आहे. या धंदेवाल्यांनी स्वतः पैसे दिले की धर्मगुरूंनी त्यांना चित्रात बसवलं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण संत शेराँच्या खिडकीत गवंडी आणि मूर्तिकारही आहेत. समोर दगडातला अर्धा घडलेला राजा. एक जण त्यावर छिन्नी चालवतोय, आणि दुसरा हात थांबवून पेला तोंडाला लावतोय.