वुड पिजन संपलेले नाहीत, रानात जेवताहेत

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जानेवारीपासून एक मजकूर फिरतोय. 'इंग्लंडच्या शेतांवरून कबुतरं नाहीशी झाली! यंदाच्या हिवाळ्यात दिवसभर बंदूक घेऊन बसणाऱ्यालाही चार पक्षी मिळत नाहीत. बेसुमार शिकारीने ही वेळ आणली. सरकारने सरसकट परवाना दिलाय, कोणीही यावं आणि कितीही मारावीत. पक्षी धोक्याच्या अंबर यादीत गेला. युरोपातून येणारे थवे थांबले. अमेरिकेतल्या पॅसेंजर पिजनचं झालं तेच इथे होणार.' खाली जोडलेले हात आणि रडका चेहरा. मला तो सहा जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी विचारलं, 'तू त्या शेतकऱ्याबरोबर जातोस ना, खरं आहे का रे हे?'

आधी फोटोबद्दल. मजकुरासोबत आलेला फोटो आपल्या पारव्यांचा आहे, दादरच्या कबुतरखान्यावर 2025 पर्यंत दाणे टिपणाऱ्या जातीचा. गोष्ट आहे वुड पिजनची. हा पारव्याहून बराच मोठा, अर्ध्या किलोच्या आसपास भरणारा पक्षी. मानेवर पांढरा ठिपका, आणि उडताना पंखांवर पांढरा पट्टा इतका ठळक की दोन शेतं पलीकडूनही ओळखू यावा. झाडावर राहतो, झाडावर घरटं करतो आणि शेतावर जेवतो. लोक त्याला आवडीने खातातही.

मी स्वतः बंदूक चालवत नाही. लिंकनशरमध्ये राहतो, शेजारच्या शेतकऱ्याबरोबर हिवाळ्यात लपणात बसतो, चहाचा थर्मास सांभाळतो आणि प्लॅस्टिकची फसवी कबुतरं, म्हणजे डेकॉय, मांडायला मदत करतो.

आता मजकुराकडे. त्यातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे: यंदा शेतावर पक्षी नव्हते. जानेवारीत एका दिवशी आम्ही दहा ते तीन बसलो. वारा चांगला होता, डेकॉय नीट मांडले होते, मॅग्नेट नावाचं ते गरगर फिरणारं यंत्रही चालू होतं. पदरात पाच पक्षी. शेजाऱ्याने त्यातल्या एकाच्या गळ्याची पिशवी चाकूने उघडून दाखवली. तो रेपच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकाच्या, शेताच्या कडेला पडला होता, पण पिशवीत रेपचं पान नावालाही नव्हतं. आत ओकची फळं होती, अख्खी, सालासकट.

मजकुराची मुख्य चूक त्या पिशवीत आहे. ओक आणि बीच ही झाडं दरवर्षी सारखी फळत नाहीत. चार-दोन वर्षं हात आखडता घेतात आणि एखाद्या वर्षी सगळी मिळून उधळतात. इंग्रज त्याला मास्ट इयर म्हणतात. आपल्याकडे आंब्याला एखाद्या वर्षी जसा मोहोर फुटतो तसं, फक्त सगळ्या प्रांतात एकदम. 2025 चा वसंत ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत उबदार आणि सर्वांत सूर्यप्रकाशाचा होता, उन्हाळाही नोंदींतला सर्वांत उष्ण. शरदात ओकखाली चालताना पाय घसरत होते, इतका सडा. कबुतराला ओकचं फळ आणि रेपचं पान यांतून निवडायला सांगितलं तर ते पानाकडे बघणारही नाही. पान म्हणजे नुसतं पाणी आणि चोथा. दिवसभर चरलं तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही. ओकच्या फळात पिष्ट, बीचच्या बीत तेल. रानातला सडा संपला की आयव्ही या वेलाची फळं असतात. तीही संपली की मग शेत.

ज्याने ज्वारी राखलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या शिवारात कणीस चिकात असलं की आपल्या माळ्यावरची गोफण गप्प असते. म्हणून पाखरं मेली असं कोणी म्हणत नाही.

'बेसुमार शिकारीने ही वेळ आणली' या वाक्यावर मात्र जास्त थांबतो, कारण ते ऐकायला सगळ्यात पटणारं आहे. इतके मारले, म्हणून कमी झाले. सरळ वजाबाकी. ही वजाबाकी तपासायचं काम ब्रिटनमध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वी झालंय. रोनाल्ड मर्टन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशरमधल्या कार्लटन गावाच्या परिसरात वर्षानुवर्षं वुड पिजन मोजले, त्यांचं खाणं मोजलं, मेलेलेही मोजले. त्या काळी कबुतरं मारण्यासाठी सरकार काडतुसांच्या खर्चातला वाटा उचलत असे. मर्टनला दिसलं ते असं: हिवाळा सरताना किती पक्षी जिवंत राहणार हे शेतातल्या क्लोव्हरवर ठरत होतं. (क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम घासाचं भावंड.) फेब्रुवारी-मार्चपर्यंत क्लोव्हर खाऊन संपत आलं की उरलेल्या पक्ष्यांत उपासमार व्हायची. बंदुकीने जे मेले त्यांतले बहुतेक तसेही वसंतापर्यंत टिकले नसते. ते गेल्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला दोन पानं जास्त आली, एवढंच. हिवाळी गोळीबाराने एकूण संख्येत फारसा फरक पडला नाही, आणि काडतुसांची ती सवलत पुढे बंद झाली.

गंमत बघा. ज्या संशोधनाने शिकाऱ्यांना सांगितलं की तुमच्या बंदुकीने शेतकऱ्याचं फारसं भलं होत नाही, तेच आज 'शिकाऱ्यांनी पक्षी संपवला' म्हणणाऱ्यालाही उत्तर आहे. दोन्ही बाजूंना ते सोयीचं नाही, म्हणून ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

यात एक अट मी स्वतःहून घालतो. मर्टनचं शेत आज राहिलेलं नाही. 1973 मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला, अनुदानाच्या जोरावर हिवाळी रेपची लागवड पसरली आणि कबुतरांना फेब्रुवारीतही हिरवं ताट मिळू लागलं. उपासमारीची ती दोरी सैल झाली आणि संख्या चढत गेली. आज ब्रिटनमध्ये वुड पिजनच्या सुमारे 50 लाख जोड्या घरटी करतात. अलीकडच्या वर्षांत ही वाढ थांबलीय, हे खरं. पण 50 लाख जोड्यांच्या पक्ष्याला 'नाहीसा झाला' म्हणायला धाडस लागतं.

रेपचा विषय निघालाच आहे तर, शेतावर पक्षी कमी दिसण्याचं दुसरं कारणही तिथेच आहे. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये साडेसात लाख हेक्टरवर रेप होतं. 2013 च्या अखेरीस युरोपीय संघाने फुलणाऱ्या पिकांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांना बंदी घातली, बियाण्यावरचं संरक्षण गेलं आणि फ्ली बीटल नावाच्या भुंगेऱ्याने कोवळी रोपं चाळणी करून टाकली. शेतकऱ्यांनी एकेक करून रेप सोडलं. 2024 मध्ये क्षेत्र तीन लाख हेक्टरच्या आसपास उरलं होतं. आमच्या शेजाऱ्यानेही दोन शेतं सोडली, एक ठेवलं. दहा वर्षांपूर्वी ज्या बांधावर बसून लोक दिवसाला शंभर पक्षी पाडायचे, तिथे आज गहू आहे. माणूस त्याच बांधावर बसतो आणि आकाशाला दोष देतो.

परवान्याबद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्याने ब्रिटनमधल्या जवळजवळ सगळ्या रानपक्ष्यांना संरक्षण आहे, वुड पिजनलाही. त्यातून वाट काढून देतो तो सर्वसाधारण परवाना. इंग्लंडमध्ये पिकांच्या नुकसानीसाठीचा सध्याचा परवाना जीएल 42. त्यासाठी अर्ज नाही, शुल्क नाही, दिवसाला किती याची मर्यादा नाही आणि किती मारले हे कळवायची सक्तीही नाही. ही शेवटची गोष्ट मलाही खटकते. पण 'कोणीही यावं' हे खोटं. जमीनमालकाची परवानगी हवी, बंदुकीसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र हवं आणि उद्देश पिकाचं गंभीर नुकसान टाळण्याचा हवा. मौज हे कारण परवान्यात बसत नाही. बुजगावणं, पतंग, गॅसवर धडाधड वाजणाऱ्या तोफा असले उपाय आधी पाहायचे असतात. या परवान्यांवर कोर्टकज्जेही झालेत: टीव्हीवरचे निसर्ग-निवेदक क्रिस पॅकहॅम आणि इतरांच्या वाइल्ड जस्टिस संस्थेने आव्हान दिल्यावर एप्रिल 2019 मध्ये तेव्हाचे तीन परवाने जेमतेम दोन दिवसांच्या सूचनेने रद्द झाले होते, ऐन वाटाण्याच्या पेरणीच्या दिवसांत. खेड्यातल्या पबमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मग नवे परवाने आले, अटी जास्त कडक करून.

भारतात 1972 च्या कायद्यामुळे आपल्याला रानपक्ष्यावर बंदूक ही कल्पनाच सहन होत नाही, हे मी समजू शकतो. जाता जाता, याच जीएल 42 च्या यादीत आपला कंठवाला हिरवा पोपटही आहे. लंडनच्या बागांत तो आता कावळ्याइतका नेहमीचा.

'अंबर यादीत गेला' हे खरं आहे आणि त्याचा लावलेला अर्थ चूक आहे. ब्रिटनमधल्या पक्ष्यांची धोक्यानुसार लाल, अंबर आणि हिरवी अशी वर्गवारी होते; लाल सर्वांत काळजीची. 2021 च्या यादीत वुड पिजन हिरव्यातून अंबरमध्ये आला. अंबरमध्ये जायला घट हे एकच कारण लागत नाही. युरोपातल्या एकूण संख्येचा मोठा वाटा ब्रिटनमध्ये असेल तर 'याची जबाबदारी आपली' म्हणूनही पक्षी अंबरमध्ये जातो. वुड पिजन तसा गेला. त्याच वर्षी रेन हा चिमुकला पक्षीही अंबरमध्ये गेला, आणि तो तर संख्येने देशात पहिला.

युरोपातले थवे थांबल्याची गोष्ट शिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येते, 'यंदा परदेशी पाहुणे आलेच नाहीत' अशी. कड्या घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी बघितल्या तर ब्रिटनमधले वुड पिजन बहुतांशी इथलेच, जन्मगावापासून फार लांब न जाणारे. स्कँडिनेव्हियाचे थवे नैऋत्येला फ्रान्सवरून स्पेन-पोर्तुगालकडे जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिरेनीज पर्वताच्या खिंडींवर लोक त्यांची मोजणी करत बसतात. जे आपल्या अंगणात येतच नव्हते ते आले नाहीत म्हणून काय रडायचं?

पॅसेंजर पिजनशी तुलना मात्र भावनेला हात घालते. मार्था नावाची शेवटची मादी 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्या जातीची रीतच अशी होती की लाखोंनी एकाच रानात घरटी करायची आणि घरट्यात एकच अंडं. तारायंत्राने ठिकाण कळायचं, रेल्वेने शिकारी पोहोचायचे, पिंपं भरून मांस शहरांत जायचं. सगळी वसाहत अंड्यापिल्लांसह उठायची. वुड पिजन एकेकटा घरटं करतो. कुंपणात, बागेत, रस्त्याकडेच्या झाडात, चार काटक्या आडव्यातिडव्या टाकून. खालून बघितलं तर अंडी दिसावीत असं गबाळं. अंडी दोन, उबवायला सतरा दिवस, वर्षात दोन-तीनदा वीण, आणि धान्य पिकतं त्या ऑगस्ट-सप्टेंबरात वीण जोरात. पिल्लांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध पाजायचं, त्यामुळे किडे-अळ्यांच्या हंगामाची वाट बघायची गरज नाही. नेमून एका जागी जाऊन संपवता येईल असा हा पक्षीच नाही.

शहरातल्यांनी तर स्वतःच्या खिडकीतून बघावं. जानेवारीच्या अखेरीस आरएसपीबी ही पक्षी संस्था लोकांकडून बागेतले पक्षी मोजून घेते. त्या यादीत वुड पिजन पहिल्या पाचांत असतो. ज्याने मला पहिल्यांदा मजकूर पाठवला, त्याच्याच लेस्टरच्या परसात तीन गलेलठ्ठ वुड पिजन चिमण्यांसाठी ठेवलेलं खाणं फस्त करतात. त्याची बायको त्यांना हाकलत असते. तो व्हिडिओही त्यानेच पाठवला होता.

या कुळातला खरोखर संपत चाललेला पक्षी हवा असेल तर तो टर्टल डव्ह, आपल्या होल्याचा नातलग. 2021 च्या मोजणीत सबंध ब्रिटनमध्ये त्याच्या विणीच्या जेमतेम 2,100 जागा सापडल्या. शेताच्या कडेचं तण गेलं, त्याच्या बिया गेल्या, शिवाय आफ्रिकेपर्यंतच्या वाटेवर बंदुका. रडका चेहरा त्याच्या फोटोखाली टाका, मी स्वतः पुढे पाठवीन.

मजकुराच्या शेवटी एक ओळ होती, 'शेतकरी मात्र खुशीत असतील.' आमचा शेजारी जानेवारीभर खुशीत होता खरा. गॅसची तोफ गोठ्यात ठेवून दिली होती. तेव्हाच म्हणाला होता, आयव्ही संपू दे. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम संपतो, मग शनिवारी संध्याकाळी गावोगावचे लोक रानाच्या कडेला उभे राहून रातथाऱ्याला परतणाऱ्या वुड पिजनवर नेम धरतात. गेल्या शनिवारी तो तिथून आला आणि मला पिशवी दाखवली. या खेपेला आत हिरवा लगदा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोफेचा पहिला बार झाला; माझी झोपमोड झाली.