उजव्या टाचेचे हितचिंतक

माझी उजवी टाच कधी उचलायची, हे काल मला एका अनोळखी गृहस्थांनी सांगितलं. सांगून भागेना, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या बुटाने दाबून धरली. राग अजून उतरलेला नाही.

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सात नंबरचा आयर्न ही काठी घेऊन मी निवांत चेंडू मारत होतो. चेंडू उजवीकडे वळत होते. वळेनात का, कुणाला लागत तर नव्हते! शेजारच्या चटईवर हे गृहस्थ उभे. डाव्या हातात पांढराशुभ्र मोजा, पायाशी काठोकाठ भरलेली चेंडूंची बादली, आणि त्यातला एकही चेंडू मारलेला नाही. म्हणजे खेळायला नव्हे, बघायला आलेला माणूस.

"अहो, तुम्ही हातांनी मारताय."

"मग कशाने मारायचं?"

"पायांनी!" आणि ते माझ्या चटईवर आले. "ताकद जमिनीतून येते. तुम्ही जमिनीला रेटा द्या, ती तुम्हाला उलटा रेटा देते."

हे न्यूटनने 1687 मध्ये लिहून ठेवलंय. पण त्यासाठी तो कुणाच्या चटईवर चढल्याचं ऐकिवात नाही.

मग पाठ सुरू झाला. काठी वर नेताना वजन उजव्या पायाच्या आतल्या कडेवर हवं. बाहेरच्या कडेवर गेलं की संपलं. खाली येताना आधी डाव्या पायावर भार, मग कंबर, मग छाती, मग हात, आणि सगळ्यांच्या मागून काठी. "आणि उजवी टाच चेंडू लागेपर्यंत सुटता कामा नये, डावी तर मुळीच नाही!" हे सांगताना त्यांनी डोळे मिटले होते. प्रत्येक अवयवाचं नाव घेताना ते स्वतःच्या त्या त्या जागी टिचकी मारत. कंबरेपाशी जरा जास्त वेळ रेंगाळले.

डाउनस्विंग, म्हणजे काठी वरून चेंडूपर्यंत आणणं, साधारण पाव सेकंदात आटोपतो. काठी आणि चेंडू यांची भेट तर अर्धा मिलिसेकंद. आमच्या घरातली चार माणसं ठरलेल्या क्रमाने दाराबाहेर पडायला तास लागतो, आणि इथे टाच, कंबर, छाती, हात यांनी पाव सेकंदात रांगेने निघायचं, तेही डोळे चेंडूवर ठेवून.

मी म्हटलं, "जॅक निक्लॉस डावी टाच चांगली उचलायचे की. अठरा मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकले."

"ते निक्लॉस आहेत."

"तो स्कॉटी शेफलर? त्याचा उजवा पाय मारताना सरळ घसरत जातो. 2022 आणि 2024, दोन्ही वर्षी मास्टर्स ही मेजर स्पर्धा त्याचीच."

"तो शेफलर आहे."

मग मी थेट चंद्रावर गेलो. 1971 मध्ये अपोलो 14 च्या ॲलन शेपर्डने नमुने गोळा करायच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं डोकं जोडून तिथे चेंडू मारले. अंतराळपोशाख इतका ताठ की एकाच हाताने मारावं लागलं. कसली टाच आणि कसली कंबर!

गृहस्थांनी डोळे उघडले. "चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असतं. तिथे तुम्हीसुद्धा मारला असता."

हे "सुद्धा" मला रात्री झोपताना पुन्हा आठवलं.

थट्टा पुरे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे खुबे आखडलेले असतात. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे काठी वर नेताना, डावी टाच थोडी सुटू दिली की अशा माणसाची कंबर जास्त फिरते, आणि पाठीवरचा ताण कमी होतो. टाच जमिनीला खिळवून जबरदस्तीने फिरायला लावलं, तर पीळ गुडघ्यात उतरतो. म्हणजे उपदेश विशीतल्या शरीराचा, आणि गुडघा माझा. हा गुडघा रात्री शेकायला हे गृहस्थ येणार आहेत का? यांच्यासारखे लोक रेंजवरच का उगवतात, देव जाणे. दंतवैद्याच्या खुर्चीत पडलेल्या माणसाला "जबडा जरा डावीकडे घ्या" असं सांगायला शेजारचा पेशंट उठून येत नाही.

एवढ्यात त्यांचा दहाएक वर्षांचा नातू पुढे झाला. त्याने माझ्याच चटईवरचा एक चेंडू ओढून घेतला आणि सगळा जीव एकवटून काठी फिरवली. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, पोरगा स्वतःभोवती अर्धा फिरला, टोपी उडाली. चेंडू मात्र सुतासारखा सरळ गेला.

"याची टाच बघितली का?" मी विचारलं. "दोन्ही टाचा! हवेत होत्या!"

"त्याला काही सांगायचं नाही," ते कौतुकाने म्हणाले. "नैसर्गिक स्विंग आहे. बोललं की बिघडतो."

"आणि माझा?"

"तुमचा बिघडायची भीतीच नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या बादलीतले मूठभर चेंडू काढून नातवाला दिले.