‘एक पालक’ यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार.

‘गोष्टीतला माणूस ओळखायचा कसा’ या माझ्या मागच्या पोस्टखाली ‘एक पालक’ या नावाने कमेंट आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सहावी-सातवीच्या मुलांना लेखक स्वभाव कसा ‘दाखवतो’ हे शिकवून काय उपयोग, पेपरात शेवटी स्वभाववैशिष्ट्यंच लिहायची असतात, साने गुरुजीसुद्धा सरळ सांगतातच की, माझ्या उदाहरणांत एकही मुलगी नाही, पोस्ट फार लांबली आहे. आणि मग शेवटी, ‘घरात बसून शिक्षकांना अक्कल शिकवणं सोपं असतं, एकदा वर्गात उभं राहून बघा.’

पोस्ट लांबली होती, मान्य. पात्रांच्या कपड्यांवरचा परिच्छेद सहज उडवता आला असता.

आता ते शेवटचं वाक्य. आपण मला ओळखत नाही, तेव्हा राग नाही. (आहे, थोडा.) पण शिक्षकांना अक्कल मी शिकवली कुठे? पोस्ट पुन्हा वाचली, त्यात ‘शिक्षक’ हा शब्दच नाही. ती मुलांसाठी लिहिली होती आणि तसं वरच लिहिलंय. आणि वर्गात उभं राहून बघा म्हणता? कळव्याच्या एका शाळेत मराठी शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली. पहिल्या तासाला येणारी अर्धी मुलं डबा विसरलेली, अर्धी पुस्तक विसरलेली. आता निवृत्त आहे, तरी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी मुलांना घेऊन बसते. फी घेत नाही. त्याच्याही आधीचं सांगायचं तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे 1893 पासून आहे, वडील मला बोट धरून न्यायचे आणि घरी येताना विचारायचे, ‘आवडला का तो माणूस? का नाही आवडला?’ त्यांनी कधी ‘वैशिष्ट्ये सांग’ म्हटलं नाही. हे मिरवायला सांगत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आले, लक्षात आलं असेलच.

तर वर्गात काय होतं ते ऐका. मुलांसाठी मीच एक उतारा लिहिला होता. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं नानांच्या दारात येतात. नाना म्हणतात, ‘अरे, देवाच्या कामात पैशाचं काय घेऊन बसलात!’ मग खिडकीबाहेर एक नजर टाकतात आणि पाचशेची नोट पावतीपुस्तकावर ठेवतात. तिथून खाली उतरून भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात. इतकंच. मी विचारलं, नाना कसे आहेत? सगळ्यांनी एका सुरात, ‘दानशूर!’ गाईडमध्ये असंच असतं ना. मग मागून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, पण नोट ठेवायच्या आधी खिडकीबाहेर का बघितलं?’ वर्ग गप्प. एकजण म्हणाला, शेजारचे काका बघतायत का ते बघायला. दुसरा भडकला, ‘पण दिले ना पाचशे! न देणाऱ्यांपेक्षा बरे!’ मग मेथी आली, मग दोन रुपये आले. एकीचं म्हणणं, ते कंजूष नाहीत, त्यांना फक्त कुणी बघत नसलं की द्यावंसं वाटत नाही. बारा वर्षांची मुलगी आहे हो ती. तास संपला तरी भांडण संपलं नाही.

हे सगळं त्या एका नजरेमुळे. लेखकाने ‘नाना दिखाऊ होते’ असं लिहिलं असतं तर मुलांनी वहीत ‘दिखाऊ’ उतरवून घेतलं असतं आणि पुढचा पाठ उघडला असता. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं, तेव्हा त्या दोन्हींच्या मधल्या फटीत स्वभाव दिसतो. दुसऱ्या पात्राचं मतही मुलांनी तपासायला हवं. एखाद्या गोष्टीत शेजारीण कुणाला ‘शिष्ट’ म्हणते, तर ती शेजारीण स्वतः कशी आहे हे आधी बघा. मुलं हे लगेच पकडतात, कारण शाळेच्या बसमध्ये रोज तेच करतात.

आणि मार्कांचं म्हणाल तर ‘दिखाऊ’ हा शब्द त्या मुलीला लिहिता येतोच. शिवाय ते कुठल्या ओळीवरून कळलं, ती ओळही दाखवता येते. ‘प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी’ हे त्रिकूट मात्र बैलापासून आजोबांपर्यंत कुठल्याही पाठाला लागतं. पाठ न वाचता लिहिलं तरी चालतं, हीच तर अडचण आहे. तुमच्या पाल्याला विचारून बघा.

साने गुरुजींचं. हो, ते सांगतात, वारंवार सांगतात. पण 1935 साली आलेल्या ‘श्यामची आई’तलं कुणाच्या काय लक्षात राहिलंय ते विचारा. श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर लुगडं पसरते. उपदेश त्यानंतर येतो. लुगडं आधी पसरलं गेलंय म्हणून तो उपदेश ऐकावासा वाटतो, एवढंच म्हणेन. जास्त बोलायला गेले तर पुन्हा पोस्ट लांबली म्हणाल.

मुलगी नाही म्हणालात, वर आली की एक. खिडकी तिनेच पकडली.

तुमच्या कमेंटमधलं ‘अक्कल’ हे एकच बोचलं, बाकीच्यावर वाद घालायला मला आवडलंच असतं. पण गंमत बघा, तुम्ही स्वतःबद्दल एकही विशेषण लिहिलेलं नाही. नावसुद्धा नाही. तरी शेवटच्या वाक्यावरून तुम्ही कसे असाल याचा मला बरा अंदाज आला. चुकत असेन तर सांगा.

कमेंट काढलेली नाही, काढणारही नाही. नानांचा उतारा हवा असेल तर खाली लिहा, पाठवते. मुलाला वाचायला द्या. तो ‘दानशूर’ म्हणाला तर रागावू नका, कुठल्या ओळीवरून तेवढं विचारा.