जुन्या दुचाकीत ई-२०: आधी स्क्रू आणि जेट बघा

ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, इंजिनं संपतात ही ओरड मला पटत नाही. काहीच फरक पडत नाही, हा दावाही खोटा आहे. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या गाडीत फरक नक्की पडतो आणि त्यातला बराचसा दुरुस्त करता येतो.

आधी अ‍ॅव्हरेज. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणून ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्के आणि ई-१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांनी पडलं असेल तर घासणारा ब्रेक किंवा तुंबलेला एअर फिल्टर शोधा. पण ही ७ टक्क्यांची तूट ग्राहकाने का सोसायची? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की असं इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं. ते व्हायला हवं, आणि जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई-१० ही मिळायला हवं. उसाला इथेनॉलमुळे हक्काचं गिऱ्हाईक मिळालं याचा मला आनंदच आहे, पण त्याची किंमत जुनी स्प्लेंडर चालवणाऱ्याने मोजू नये.

आता इंजिन. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, ई-२० ला साधारण १३.५ पट. बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मात्र तेवढंच राहतं, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं: सकाळी चोक सोडला की गाडी बंद, रेस देताना अडखळणं, प्लगचं टोक पांढरं.

हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा कार्ब्युरेटरवरचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, पाव फेरा आत घ्या. इंजिनच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा, पाव फेरा बाहेर. गॅरेजमध्ये इथेच गल्लत होते आणि लीन गाडी आणखी लीन होते. तेवढ्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा: आकडा व्यासाचा असेल (१०० म्हणजे १ मिमी) तर १०० ऐवजी १०२ किंवा १०५. लांब चक्कर मारून प्लग काढा. फिकट बिस्किटी रंग हवा. काजळी दिसली तर एक नंबर मागे या.

इंधनाची नळी, टाकीखालच्या कॉकची ओ-रिंग, कार्ब्युरेटरच्या बाऊलचं (खालच्या वाटीचं) गॅस्केट साध्या रबराचं असेल तर फुगतं किंवा चिरतं. व्हायटनचं, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं, बसवा. टाकीतला जुना चिकटा इथेनॉलने सुटतो, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबतो.

सगळ्यात वाईट म्हणजे पाणी, कारण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. मर्यादेबाहेर पाणी शिरलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि कॉकमधून आधी तोच इंजिनात जातो. कसलंही औषध घालून ते पुन्हा एकजीव होत नाही. टाकी पूर्ण उपसा, बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून कार्ब्युरेटर रिकामा करा, मगच नवं पेट्रोल भरा.