घरात मतं किती?

कोथरूडला राहणारा माझा धाकटा चुलतभाऊ जानेवारीत फार वैतागला होता. नऊ वर्षांनी महापालिकेची निवडणूक आली आणि त्याचा फोन उमेदवारांच्या मेसेजनी, रेकॉर्डेड कॉलनी भरून गेला. घरच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, "आमचे नंबर यांना देतं कोण? दादा, तुझ्या अमेरिकेत असलं खपवून घेत नाहीत." खाली सगळ्यांचे अंगठे. ते वाक्य तेव्हापासून मला टोचतंय.

खपवून घेत नाहीत? इथे कायद्यानेच मोकळीक दिली आहे. २००३ चा कॅन-स्पॅम कायदा धंद्याच्या ईमेलपुरता. बुटांच्या दुकानाला अनसबस्क्राइबची सोय ठेवावीच लागते; मत किंवा देणगी मागणाऱ्या उमेदवाराला ते बंधन नाही. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून 'डू नॉट कॉल' या सरकारी यादीत नंबर घातला तरी राजकीय फोन येतच राहतात. २०२२ मध्ये गूगलने प्रचाराचे ईमेल स्पॅमच्या चाळणीतून सोडण्याचा प्रयोग करायचं ठरवलं, लोकांनी भरभरून हरकती नोंदवल्या, तरी फेडरल निवडणूक आयोगाने परवानगी दिली.

उलट आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये आचारसंहिता लागल्यावरही 'विकसित भारत'चे सरकारी व्हॉट्सॲप संदेश लोकांना येत राहिले, तेव्हा आपल्या आयोगाने ते थांबवायला सांगितलं. भावाला हे आठवत नाही.

इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका सभेत, शाळेच्या बसचा प्रश्न होता म्हणून, मी कागदावर ईमेल लिहून दिला. एकदाच. या याद्या इथे एकमेकांना भाड्याने दिल्या जातात. आता जॉर्जिया, ओहायो, मोंटाना, जिथे मी पाऊलही ठेवलं नाही तिथले उमेदवार मला पहिल्या नावाने हाक मारतात. ३० सप्टेंबर आला, देणग्यांचा तिमाहीचा हिशेब बंद व्हायची वेळ आली, की तासातासाला ईमेल. मध्यरात्रीच्या आत पंधरा डॉलर. तुमच्यासारख्यांवरच सगळं अवलंबून आहे. एकही ईमेल माझं मत मागत नाही.

मागून उपयोगही नाही म्हणा. ग्रीन कार्डवर देणगी देता येते, मत देता येत नाही.

भावाला मी हे सगळं लिहून पाठवलं. कायदा मागायचाच तर राजकारण्यांना सूट न देणारा मागा, इथला नको, असंही लिहिलं. ते मला मनापासून वाटतं. त्याचं उत्तर आलं, "पण तू तिथून का बोलतोस?"

पासपोर्ट अजून भारताचा आहे. परदेशातल्या भारतीयांसाठी असलेला फॉर्म ६ए भरला तर पुण्याच्या यादीत नाव येतं. फक्त मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः जावं लागतं. बावीस वर्षांत लग्नांसाठी गेलो, दिवाळीसाठी गेलो, बाबांच्या वेळी गेलो. मतदानासाठी कधीच तिकीट काढलं नाही. तो फॉर्मसुद्धा भरला नाही.

रविवारी आईशी बोलताना तिने सांगितलं, प्रचारात एक उमेदवार घरी आली होती. चपला बाहेर काढून आत बसली, पाणी प्यायली. आईने तिला ड्रेनेजबद्दल चांगलं सुनावलं. निघताना हातातल्या यादीवर बोट ठेवून तिने विचारलं, "काकू, घरात मतं किती?"

"एकच," आई म्हणाली.