शिर्के, सिपोरेक्स आणि माझं घड्याळ

परवा हॉलमध्ये घड्याळ लावायला खिळा ठोकला, तर बोटभर भुगा घेऊन खिळा परत हातात. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "सिपोरेक्सची भिंत आहे, खिळा कसला ठोकतोस? ड्रिल मार, लांब प्लग घाल." आमच्या बिल्डरने ब्लॉक कुठल्या कंपनीचे वापरले देव जाणे, पण पुण्यात हलका ब्लॉक म्हणजे सिपोरेक्सच. वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं.

हा शब्द आपल्या तोंडी बसला तो बाबुराव गोविंदराव शिर्के यांच्यामुळे. गाव पसरणी, वाईहून पाचगणीला जाताना घाटाच्या पायथ्याशी. (शाहीर साबळेही तिथलेच. त्या मातीत काहीतरी असणार.) पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल होऊन बाहेर पडलेल्या या माणसाने १९४४ साली, ऐन महायुद्धात, स्वतःची बांधकाम कंपनी काढली. कंपनीने ऐंशी वर्षं ओलांडली.

कंत्राटदार हा शब्द आपण तोंड वाकडं करूनच उच्चारतो. रस्ता खचला, कंत्राटदार. शाळेचं छत गळलं, कंत्राटदार. बऱ्याचदा ते खरंही असतं. निविदा भरायची, माणसं आणि माल गोळा करायचा, काम उरकून बिल काढायचं, हा सरधोपट मार्ग. शिर्क्यांनी माल स्वतःच बनवायला घेतला, आणि मला त्यांचं अप्रूप आहे ते एवढ्यासाठीच. सत्तरच्या दशकात स्वीडनचं सिपोरेक्स तंत्र आणून त्यांनी पुण्यात मुंढव्याला ब्लॉकचा कारखाना टाकला. सिमेंट, चुना, बारीक दळलेली वाळू, पाणी आणि किंचितशी ॲल्युमिनियमची पूड. पीठ आंबून वर यावं तसं हे मिश्रण फुगतं, मग तारेने त्याच्या वड्या पाडतात आणि दाबाच्या वाफेवर शिजवतात. तयार ब्लॉकचं वजन तेवढ्याच आकाराच्या विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. करवतीने कापता येतो. तुकडा बादलीत टाकलात तर तरंगतो, लहानपणी आम्ही तासन्‌तास तोच उद्योग करायचो.

पुढे खांब-तुळयाही आधीच ओतून साइटवर नुसत्या जोडायच्या, अशी पद्धत त्यांनी बसवली. म्हाडा-सिडकोची हजारो घरं त्यातून उभी राहिली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल बांधलं तेही त्यांनीच. २००३ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्या वसाहती देखण्या आहेत असं मी म्हणणार नाही. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, इतक्या सारख्या. पाहुण्याला आपली बिल्डिंग सांगताना नाकी नऊ येतात. पण ज्याचं नाव सोडतीत लागलं त्याला विचारा, तो नक्षीबद्दल बोलणार नाही, चावी कधी मिळाली ते सांगेल.

सगळ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात सचोटी, गुणवत्ता वगैरे छापलेलं असतं. छापायला काय जातं? मला त्यापेक्षा मुंढव्याचा कारखाना जास्त पटतो. भांडवल घालून, हात पोळून घेत स्वतःचा माल स्वतः करणं कागदावर भागत नाही.

असो. घड्याळाचं राहिलंच. ड्रिलवाला आला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यातून गेलेली वेडीवाकडी चीर त्याला दाखवली. हा गडी आधी गवंडीकाम करायचा. नखाने प्लास्टर खरवडून म्हणाला, "ब्लॉकला नावं ठेवू नका साहेब. विटेला भरतात तसा सिमेंटचा जाड थर भरलाय सांध्यात. लावणाऱ्याने घाई केली."

घड्याळ तूर्तास फ्रिजवर आहे.