‘दहा टनांच्या आत सूट’ म्हणणारा मेसेज

लहान कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा : ‘वर्षाला दहा टनांच्या आत घातक कचरा असेल तर नियम लागू नाहीत. जळकं ऑइल भंगारवाल्याला द्या, बिल ठेवा, जबाबदारी संपली. आता जेलही नाही, फक्त दंड.’

दहा टनांचा आकडा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमावलीत आहे खरा, पण तो साठवणुकीपुरता. घातक कचरा आवारात ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निघणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. एवढंच. कुठला कचरा घातक, याची यादी असलेल्या पहिल्या अनुसूचीत किमान वजनाची अट कुठेच नाही. मशीनमधून काढलेलं हायड्रॉलिक ऑइल नोंद ५.१ मध्ये, केमिकलचे रिकामे बॅरल ३३.१ मध्ये, हात पुसून कोपऱ्यात फेकलेलं तेलकट कॉटन वेस्ट ३३.२ मध्ये. शेड दोन मशीनची असली तरी, पाणी आणि हवा कायद्यांखाली मंडळाची संमती लागत असेल तर ऑथरायझेशन (घातक कचरा हाताळण्याची मंडळाची परवानगी) लागतं, नोंदवही ठेवावी लागते आणि ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं.

खरी गोम भंगारवाल्यात आहे. त्याचं जीएसटी बिल विक्रीचा पुरावा; ऑइल कुठे गेलं, याचा नाही. ते बरेचदा सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलं जातं, नाहीतर कुठल्यातरी भट्टीत जळतं. नियमाप्रमाणे ते मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं, तेही मंडळाने त्याला दिलेल्या पासबुकात नोंद करून. सोबत सात रंगांच्या प्रतींचा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा वाहतूक-दाखला. पिवळी प्रत तुमच्याकडे राहते, माल पोचल्यावर घेणारा निळी परत पाठवतो. फायलीत निळी नसेल तर माल पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. (गठ्ठ्याने पिवळ्या प्रती आणि निळी एकही नाही, अशा फायली मी ढिगाने पाहिल्यात.) २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं, शेकडो लोकांना त्रास झाला. याच नियमावलीतल्या नियम २३ प्रमाणे अशा हलगर्जीपणाने झालेल्या नुकसानीची भरपाई कचरा निर्माण करणाऱ्याच्याही अंगावर येते.

राहिला दंड. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली कैद गेली, हे बरोबर. पण दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे, उल्लंघन चालूच राहिलं तर रोजचे १० हजार वेगळे. शिवाय दंड ९० दिवसांत भरला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मेसेजमधून बरोबर गळालंय.